अचंब्याच्या अकरा चिठ्ठ्या

भंडारा जिल्ह्यातून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘वाघ दिसला का?’ नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. देऊळ, धरण, किल्ला यांतलंही काही बघायला गेले नव्हते. मी अकरा शब्द ऐकायला गेले होते, आणि हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो.

साताऱ्यातल्या एका लहानशा प्रकाशनासाठी मी बोलींच्या शब्दसंग्रहाच्या नोंदी तपासते. तपासते म्हणजे बहुतेक वेळा गाळते, आणि गाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आमच्याकडे एक नियम आहे. शब्द दोन गावांतल्या दोन माणसांच्या तोंडून ऐकलेला हवा, आणि तोही न विचारता. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात हो?’ असं विचारलं की माणसं तुम्हाला खूश करायला काहीही सांगतात. म्हणून विचारायचं नाही. नुसतं बसायचं, ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं.

कारध्याचे दशरथ गुरुजी गेली कित्येक वर्षं आम्हाला झाडीबोलीतले शब्द पाठवतात. धानाचे, तलावाचे, माशांचे. त्यांच्या नोंदींत मला कधी खोट सापडली नाही. या खेपेला मात्र त्यांनी अकरा चिठ्ठ्या वेगळ्या बांधून पाठवल्या आणि वर लिहिलं, ‘अचंब्याचे शब्द’. माणसाला एकदम काहीतरी दिसतं, कळतं, आजवर समोर असलेलं आज उमगतं, त्या वेळी तो जे बोलतो ते. शब्द तसे आपल्या ओळखीचेच, पण वापर निराळा. आता ‘आक्रित’ घ्या. आमच्याकडे आक्रित म्हणजे वाईटच, दोन डोक्यांचं वासरू जन्मलं तर. गुरुजींच्या चिठ्ठीवर होतं, ‘चांगल्या गोष्टीलाही म्हणतात. तान्ही पोर पहिल्यांदा हसली तरी आक्रित.’ ‘दिष्टांत’ आमच्याकडे देव देतो, तोही स्वप्नात. त्यांच्या चिठ्ठीवर तो दिवसाढवळ्या, जाग्या माणसाला, स्वयंपाकघरात होत होता.

वाचून मला मोह पडला. मग मी खालची ओळ पाहिली. ‘ऐकले: सौ.’ अकराही चिठ्ठ्यांवर तेच, ‘ऐकले: सौ.’ आणि दुसऱ्या तोंडाचा रकाना कोरा. हे बोलीतले शब्द आहेत, की कारध्यातल्या एका बाईची बोलायची सवय, हे ठरवायचं कसं? मी गाळायचं ठरवलं आणि तसं कळवलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. ‘माझं वय ऐंशी. दुसरी आवृत्ती मी पाहणार नाही. गाळण्यापूर्वी एकदा येऊन स्वतःच्या कानांनी ऐकावे.’ इतकं सरळ कोणी लिहिलं की मला नाही म्हणता येत नाही.

कारधा

वैनगंगेच्या या काठाला भंडारा शहर आणि पलीकडे कारधा. नोव्हेंबरातल्या नदीत पाणी भरपूर होतं आणि पुलावरून जाताना वाऱ्याबरोबर ओल्या वाळूचा वास येत होता. गुरुजी बसथांब्यावर उभे होते. उंच, ताठ, पांढरा सदरा, खिशात पेन आणि पेनाच्या मागे कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. हे कागद जुन्या कॅलेंडरांचे कापलेले असतात, हे मला टपालावरून माहीत होतं.

घरी त्यांच्या पत्नी, शेवंताबाई, चुलीपुढून उठून आल्या. बुटक्या, चपळ, पंचाहत्तरीच्या. मी त्यांना लगेच काकू म्हणू लागले. त्या मला मॅडम म्हणाल्या, पण त्यात थोडी थट्टा होती.

जेवायला लाखोळीची डाळ, वाळवलेल्या झिंग्यांची चटणी, वांगं आणि भात. भात म्हणजे केवढा! आमच्याकडे भात शेवटी येतो, भाकरीचं पोट भरल्यावर शास्त्रापुरता. इथे तो डोंगरासारखा आधी येऊन बसतो आणि नंतरही उठत नाही. मी अर्ध्यावरच थांबले, तर काकूंनी गुरुजींकडे पाहिलं.

“पाहुनीनं काईच खाल्लं नाई. मी तुमाले सकाळीच म्हनलं होतं, कनिक आना म्हनून. आयकलं?”

गुरुजी शांतपणे जेवत होते.

“पाहा,” काकू मला म्हणाल्या. “पन्नास वर्सं झाले. ह्या मानसानं माहं आजवर काई आयकलं नाई. मी आपली भिताडासंग बोलतो.”

मी हसले. नवऱ्याबद्दल असं कोणती बाई म्हणत नाही? मीही म्हणते.

जेवण झाल्यावर मी माझं ताट घेऊन मोरीवर गेले आणि घासायला बसले. काकू धावत आल्या. “अवो माय! शयरातली बाई ताट घासून राहिली! हे तं आक्रितच झालं!”

माझे कान टवकारले. मी मान वर केली तर गुरुजी दारात उभे राहून माझ्याकडेच पाहत होते. वर्गात हुशार पोराने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर पाहतात तसे. पहिलं तोंड खरं होतं, याची माझी खात्री पटली.

दुपारी ते मला नदीकाठी घेऊन गेले. “एक विनंती हाय, मॅडम. तिले ह्या चिठ्ठ्यांचं काई सांगू नोका.”

“म्हणजे? त्यांना माहीत नाही?”

“नाई. पेटीत कागद हायेत, गुरुजी काईतरी लिवत राहतेत, इतकंच तिले मालूम. सांगतलं असतं तं ते जपून बोलली असती. मंग ते तिचं बोलनं राह्यलं नसतं. तिच्यावानी बोलनारी आता आमच्या गावात कोनी नाई. नव्या सुना पुस्तकावानी बोलतेत. ते गेली का हे शब्द गेले. अना मी आधी गेलो, तं लिवनाराच गेला.”

न विचारता ऐकायचं हा नियम माझा होता. पण तो इतकी वर्षं कोणी स्वतःच्या घरात पाळला असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

करडी

दुसऱ्या दिवशी गुरुजी मला मोहाडी तालुक्यातल्या करडीला घेऊन गेले. तिथल्या शाळेत त्यांनी वीस वर्षं शिकवलं होतं. धान कापणीला आलेलं, काही बांध्यांत कापलेलं. इकडे शेताच्या प्रत्येक बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. कापलेल्या धानाचे भारे आणून गोल रचून ठेवलेले, त्याला म्हणतात पुंजणं. मी पुंजण्याला गवताची गंजी म्हणाले आणि शेतातल्या सगळ्या बायका हसल्या.

आणि मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सर्वांत फलदायी दिवस. चहावाला चहा गाळता गाळता म्हणाला, “यंदा धान असा झाला जी, का आक्रितच!” दोन पावलं गेलो नाही तोच एक बाई डोक्यावरचा भारा सावरत म्हणाली, “काल लेकीले पाह्यलं तं मले माह्या मायचा दिष्टांत झाला, बापा.” पुढे एकजण विडी विझवून म्हणाला, “म्हातारपनी उमज पडली का बाप मले रागवत नव्हता, शिकवत होता.” मी पिशवीत हात घालून न बघता कागदावर खुणा करत होते. तासाभरात आठ झाले. मला उन्हाचीही शुद्ध राहिली नाही. ही बोली जिवंत आहे, नांदती आहे, आणि मी साताऱ्यात बसून ती गाळायला निघाले होते!

या आनंदात मी धुऱ्यावरून चालत होते. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली मातीची कड. चपला शहरी, नजर आभाळात. पाय सटकला आणि मी खालच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, सपशेल बसले. वही एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

“अवो बाई!” “धरा, धरा जी!” “हात द्या!” चारी बाजूंनी माणसं धावली. सदाशिव नावाचा पन्नाशीचा शेतकरी, ज्याचं ते शेत होतं, त्याने मला उपसून काढलं. एका बाईने पदराने चष्मा पुसून दिला. सगळे जिवापाड काळजी करत होते. कोणाच्याही तोंडी अकरांतला एकही शब्द नव्हता.

मी धुऱ्यावर बसून चिखल निपटत होते. अवघं शांत झालं. तेव्हा सदाशिवने गुरुजींकडे पाहिलं, दचकला, सरळ उभा राहिला, हात मांडीला चिकटवले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “मॅडम चिखलात पडल्या, हे आक्रितच झालं जी!”

बायका तोंडाला पदर लावून हसू दाबू लागल्या. गुरुजी दुसरीकडे पाहू लागले.

“सदाशिवभाऊ,” मी म्हणाले, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्याने मान खाली घातली. “गुरुजीनं फोनवर सांगतलं होतं. घरचा अभ्यास होता जी.”

“कोणाकोणाला?”

“चौथ्या वर्गातल्या आमी जेवढे गावात उरलो तेवढ्यायले. एकेकाले एकेक शब्द. मले आक्रित आला. चहावाल्यालेबी तोच देल्ला, त्यानं आधीच उडवला.” मग जरा रडवेल्या सुरात म्हणाला, “माहं चुकलं का जी? लवकर बोलाले पाह्यजे होतं, पन तुमी पडल्या ना, मंग मी विसरूनच गेलो.”

पन्नाशीची, साठीची माणसं. नातवंडं असलेली. गुरुजींनी चाळीस वर्षांनंतर अभ्यास दिला आणि एकानेही ‘कशाला’ असं विचारलं नाही. मला राग आला होता, खूप आला होता, पण सदाशिवचा चेहरा पाहून तो त्याच्यावर काढता येईना. मी वहीतल्या आठही खुणा त्याच्यासमोरच खोडल्या. प्रत्येक रेघेबरोबर गुरुजींची मान थोडी खाली जात होती.

परतीच्या वाटेवर गुरुजीच आधी बोलले. “मी आयुष्यभर पोरायले सांगतलं, कापी करू नोका. अना स्वतःच कापी पुरवली.”

“का केलंत गुरुजी?”

“भेव वाटलं. मले वाटलं, मॅडम चार दिवस बसतीन, अना कोनीच काई बोलनार नाई. मंग शेवंताचे शब्द कचऱ्यात जातीन. शब्द खोटे नाईत जी. फक्त दुसरं तोंड मले सापडत नाई.”

हा माणूस लबाड नव्हता, तो घाबरला होता. तरी नियम तो नियम. मी म्हटलं, “असं एखादं गाव आहे का, जिथे तुम्ही फोन केला नाही?”

ते म्हणाले, “कोंढा. पवनी तालुक्यातलं. शेवंताचं माहेर. तिथं तिची लहान बहीन हाय, गावातच देल्ली.”

“तिथे का नाही केला?”

“सासुरवाडी हाय जी.” त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. “जावयानं सासुरवाडीले काई मागत नसते.”

देवाचे आणि रीतीरिवाजांचे आभार मानून मी कोंढ्याला जायचं ठरवलं. घरी काकूंनी ऐकलं आणि त्या लगेच पिशवी भरायला लागल्या. “मीबी येतो. भाऊबीजेपासून गिरजाले पाह्यलं नाई.” गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती आणि मी मान डोलावली. चिठ्ठ्या माझ्या पिशवीत होत्या.

कोंढा

दुसऱ्या सकाळी एसटीत काकूंनी खिडकी पकडली आणि मला दोन्ही बाजूंची शेतं सांगत राहिल्या. कोणाचं धान हलकं, कोणाचं भारी, कोणाच्या बांधीत पाणी उशिरा आलं. रस्ता कधी संपला कळलं नाही.

गिरजाबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. बहिणीला पाहिलं आणि सूप तसंच टाकून उठल्या. “बाई!” इकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आमच्याकडे आक्का. ती हाक इतकी मोठी होती की शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली. मग दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. एकीला आठवड्यापूर्वी ताप आला होता हे दुसरीला आज कळलं होतं, म्हणून भांडण झालं, म्हणून चहा झाला.

मी कोपऱ्यात पाटावर बसले. दोन्ही हात मांडीवर, मांडीवर पिशवी, पिशवीत चिठ्ठ्या. कोणाला काही विचारायचं नाही. गिरजाबाईंनी आयते करायला घेतले. तांदळाच्या पातळ पिठाचे, तव्यावर ओतून केलेले जाळीदार आयते. आमच्या घावनाचे हे चुलत भाऊ, पण जास्त नाजूक. मी सहा खाल्ले. भाकरीची आठवण तेव्हा पहिल्यांदा गेली.

आणि बोलणं सुरू झालं. मला ते जसंच्या तसं लिहिता येणार नाही, कारण त्या दोघी एकाच वेळी बोलत होत्या. पण मधूनच शब्द पडत होते. गिरजाबाईंची सून कोणी न सांगता स्वतःहून जात्यावर बसली, तर गिरजाबाई म्हणाल्या, “आक्रितच, बाई! माह्या तं डोऱ्यावर भरोसा नाई बसला.” मी पिशवीत हात घालून खूण केली. थोड्या वेळाने काकूंनी आरशासमोर पदर नीट केला आणि गिरजाबाईंनी मागून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “बाई, तू अशी उभी राह्यली ना, तं मले मायचा दिष्टांत झाला.” दोघींचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि तरी माझा हात पिशवीत खूण करत होता. या कामाची मला त्या क्षणी लाज वाटली.

दुपारपर्यंत सात झाले. सात शब्द, दुसऱ्या गावातलं दुसरं तोंड, न विचारता. माझ्या मनात एक शंका होती, की काकू मूळच्या कोंढ्याच्याच, मग गावं दोन कशी? पण पन्नास वर्षं कारध्यात चूल पेटवलेली बाई कारध्याचीच, असा निवाडा मी आयता खाता खाता दिला. चार राहिले होते. उन्हं उतरायला अजून वेळ होता आणि दोघींच्या गप्पा रंगात आल्या होत्या. तासाभरात तेही पडतील अशी मला आशा होती.

तिथेच माझं चुकलं. आठव्याची वाट बघताना, नेमका शब्द काय होता हे पाहायला, मी चिठ्ठ्या पिशवीतून बाहेर काढल्या.

“का लिवून राहिल्या जी मघापासून?” काकूंनी हात पुढे केला आणि मी सावरायच्या आत वरची चिठ्ठी उचलली. त्या चौथी पास होत्या. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचली.

“‘उमज. सासू गेल्यावर उमज पडली का... ते मले रागवत नव्हती... शिकवत होती. ऐकले: सौ.’” त्यांनी चिठ्ठी खाली केली. “हे तं मी बोलली होती. आत्या गेल्या त्याच्या बाराव्यानंतर. मी भांडे घासत होती. हे कोनं लिवलं?”

अक्षर ओळखीचंच होतं. पन्नास वर्षं ते त्यांच्या घरात होतं. त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली. मग तिसरी. प्रत्येकीवर गुरुजींनी प्रसंग लिहिलेला होता. पोर पहिल्यांदा हसली तो. घरात वीज आली ती संध्याकाळ. गाय दगावली तो दिवस. एका चिठ्ठीवर नुसतं होतं, ‘आज विहिरीवरून आल्यावर. कारण सांगितले नाही.’

मला सगळं सांगावं लागलं. संग्रह, नियम, दोन तोंडं, आणि गुरुजी का बोलले नाहीत ते. सांगताना मला करडीचाही प्रकार सांगून टाकावा लागला. गिरजाबाई आधी हसत सुटल्या, मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि थांबल्या.

काकूंनी चिठ्ठ्या मांडीवर घेतल्या होत्या आणि त्यांवर हात ठेवला होता. “पन्नास वर्सं,” त्या म्हणाल्या. “मले वाटे का हा मानूस माहं आयकतच नाई. मी भिताडासंग बोलून राहिली म्हनून.” मग एकदम राग आला. “अना एका शब्दानं सांगतलं नाई मले! चोरून आयकलं! अना हे ‘सौ.’ का हाय? मले नाव नाई का?”

मीही ती अकरा ‘सौ.’ वाचून फक्त दुसरा रकाना शोधला होता. पहिल्या रकान्यातली बाई कोण, हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्या दिवशी दोघी बहिणी फारसं बोलल्या नाहीत. जे बोलल्या ते जपून, माझ्या पिशवीकडे बघत. गिरजाबाईंनी मला मदत म्हणून एकदा मोठ्याने आठवा शब्द उच्चारलाही, पण आता तो धरता येत नव्हता. काकूंना कळलं त्या क्षणी माझं ऐकणं संपलं होतं. चार शब्द माझ्या हातून गेले होते, आणि ते कोणीही परत आणू शकणार नव्हतं. गुरुजींना हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

परतीच्या एसटीत काकूंनी खिडकी मला दिली.

परत कारधा

ऊन अजून ओट्यावर होतं. गुरुजी तिथेच बसले होते, आम्हाला पाहून उठले. काकूंकडे न बघता त्यांनी मला विचारलं, “किती?”

“सात.”

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग हिशेब लक्षात आला. “अना चार?”

“माझी चूक झाली, गुरुजी. चिठ्ठ्या काकूंच्या हाती लागल्या.”

त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. इतका विद्वान, ताठ माणूस, पण खोडी पकडली गेलेल्या पोरासारखा उभा होता. मला वाटलं आता काकू बरसणार. रस्ताभर त्या त्याचीच तयारी करत असाव्यात.

काकूंनी पिशवी खाली ठेवली, ओट्यावर बसल्या आणि वाटेत माझ्याकडून वेगळ्या करून घेतलेल्या राहिलेल्या चार चिठ्ठ्या गुरुजींपुढे धरल्या. “वाचा.”

“मी?”

“तुमीच लिवलं ना? मंग तुमीच वाचा. मले आयकाचं हाय.”

गुरुजी बसले. चष्मा लावला. पहिली चिठ्ठी वाचली. काकू मान हलवत म्हणाल्या, “हो. बोलली होती. पाटाच्या पुढं, तुमी जेवत होते.” दुसरी वाचली. “हो. तवा तुमाले खोकला होता.” तिसरीला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. चौथी त्या विहिरीची होती. गुरुजींनी तीही वाचली.

“काहून म्हनलं होतं तवा?” त्यांनी विचारलं. पन्नास वर्षांत न विचारता ऐकण्याचा नियम त्यांनी बहुधा पहिल्यांदाच मोडला होता.

काकूंनी सांगितलं. हळू आवाजात, फक्त त्यांच्यापुरतं सांगितलं. मी उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले, म्हणून ते मला माहीत नाही.

मी परत आले तेव्हा गुरुजी पेन काढून मी ओट्यावर ठेवलेल्या सातही चिठ्ठ्यांवरचा ‘सौ.’ खोडत होते आणि तिथे शेवंता लिहीत होते. चार चिठ्ठ्या बाजूला पडल्या होत्या. त्यांनी त्या माझ्याकडे सरकवल्या, मग मागे घेतल्या, मग काकूंकडे पाहिलं. “हे छापून येनार नाईत, शेवंता.” मी तिथे असेपर्यंत त्यांनी बायकोला नावाने मारलेली ती एकच हाक.

“नाई आले तं नाई आले,” काकू म्हणाल्या आणि चारही चिठ्ठ्या उचलून कमरेला खोचल्या. “घरी राहू द्या. मी हाव ना बोलाले. अना तुमी हाय आयकाले.”